रग्बीतली मार्कवाली बाई

आमच्या सोसायटीत लेले नावाचे गृहस्थ आहेत. ते निवृत्त आहेत, त्यामुळे सगळ्यांच्या कामांची काळजी त्यांनाच. कोथरूडला आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"कांबळेबाई, आपण काय करता?"

"रग्बीच्या मॅचेस बघते."

"कुठल्या?"

"झालेल्या."

"म्हणजे निकाल लागल्यावर बघता?"

"हो."

"मग आपण बघितल्यावर निकाल बदलतो का?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि वर गेले. पुण्यात 'बरं' म्हणजे संभाषणाचा अंत्यविधी. त्यामुळे पुढचं सांगायचं राहूनच गेलं. दिवाळी अंक लेले वाचतात, तोही दुसऱ्याचा आणून, म्हणून ते इथे सांगते.

मी मूळची रग्बीतली नव्हे. आमचा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. बुधवार पेठेत, स्पीकर आणि वायरी विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आमची खोली आहे. नवरा शूटिंग करायचा, मी एडिटिंग. आमच्या स्वतःच्या समाजातलं लग्न म्हणजे त्रिशरण, पंचशील, हार घातले की झालं. कॅमेऱ्याची बॅटरी अर्धीसुद्धा उतरत नाही. पण पेठांमधली लग्नं सकाळी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालत, आणि ती कापून दोन तासांत बसवायची म्हणजे त्यातला प्रत्येक माणूस मला तोंडपाठ व्हायचा. कोणती आत्या रुसलीय, कोणाचा गुडघा दुखतोय, कोणते दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून जेवतायत. कॅमेऱ्यासमोर सगळे हसतात. कॅमेरा सरकल्यावर पहिल्या दोन सेकंदांत जे दिसतं, ते खरं लग्न.

एके दिवशी कदम सर जिना चढून आले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, मुलींच्या रग्बी संघाचे प्रशिक्षक. त्यांनी एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मी लावून बघितलं, तर चिखलात तीस मुली एकमेकींच्या अंगावर.

"यात नवरी कुठली?" मी विचारलं.

"सगळ्याच," सर म्हणाले. "प्रत्येकीचं वेगळं काढून पाहिजे."

तेव्हापासून मी यात आहे. आधी राज्याच्या संघासाठी, मग देशाच्या. लग्नांचं काम मी सोडलं, कारण रग्बीतली माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसत नाहीत.

आता खेळ सांगते, घाबरू नका. दोन्हीकडे पंधरा जणी. चेंडू लंबगोल, त्यामुळे खाली पडल्यावर तो कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसतं. तो घेऊन पुढे पळायचं, पण हातानं द्यायचा फक्त मागच्या मुलीला. समोरच्या संघानं पळणारीला कवेत घेऊन खाली पाडायचं, याला टॅकल म्हणतात. टॅकल करताना आपला खांदा तिच्या पोटा-मांडीशी लावायचा, हातांनी आवळायचं आणि आपलं डोकं तिच्या मागच्या अंगाला ठेवायचं. डोकं पुढच्या अंगाला गेलं, की पळणारीचं सगळं वजन आपल्या मानेवर येतं. एवढं कळलं की तुम्हाला माझ्या सोसायटीपेक्षा जास्त रग्बी कळलं.

सामना ऐंशी मिनिटांचा असतो. तो बघायला मला दोन दिवस लागतात. एका मुलीच्या मागे लागायचं. चेंडू कुठेही असो, आपण तिच्याकडेच बघायचं. ती कधी धावली, कधी धावायला हवं होतं तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पडल्यावर किती पटकन उठली. मग पुढची मुलगी. शेवटी प्रत्येकीला दहापैकी मार्क, खाली एक ओळ शेरा, आणि तिचे तुकडे कापून तिच्या फोनवर. नंतर प्रत्येकीला समोर बसवून ते दाखवायचं. मुली मला 'मार्कवाली बाई' म्हणतात. पाठीमागे अजून काय म्हणतात ते कदम सरांना माहीत आहे. ते सांगत नाहीत.

पुण्यात मार्क देणं म्हणजे गंमत नाही. इथं पोर जन्मल्यावर वजन विचारतात तेसुद्धा किती पैकी असं विचारतील की काय, अशी भीती वाटते. एक कडेनं पळणारी मुलगी होती, वाऱ्यासारखी. तिला मी पाच दिले, कारण चेंडू हातात नसेल तेव्हा ती देवळासमोर चपला सांभाळायला बसल्यासारखी उभी असे. तिनं शेरा वाचलाच नाही. म्हणाली, "ताई, पाच तर पाच. पण तो माझा रन आहे ना, तो स्लो मोशनमध्ये द्या आणि मागे गाणं टाका. रील करायचंय."

दुसऱ्या एकीची आई थेट बुधवार पेठेत आली. जोशीबाई. शनिवार पेठेतल्या शाळेत गणित शिकवत. त्यांची मुलगी स्क्रममध्ये मधोमध असायची. स्क्रम म्हणजे आठ विरुद्ध आठ जणींनी डोकी अडकवून केलेली कायदेशीर ढकलाढकली.

"माझ्या मुलीला सहा मिळालेत," बाई दारातच म्हणाल्या. "उत्तरपत्रिका बघायला मिळेल का?"

मी स्टूल दिलं. बाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या आणि त्यांनी अख्खा सामना फक्त मुलीकडे बघत पाहिला. मध्येच म्हणाल्या, "हिला दम लागलाय."

"हो."

"मला सांगते, रोज पहाटे टेकडीवर पळते."

शेवटपर्यंत बघून झाल्यावर बाई उठल्या. "मी असते तर पाच दिले असते."

"मी सहाच ठेवते."

"ठेवा. मी आले होते हे तिला सांगू नका." आणि दारातून वळून, "टेकडीचं मी बघते."

अशी माणसं भेटली की वाटतं, लग्नं सोडली ते बरं केलं. पण ज्या सामन्यासाठी हे लिहायला बसले, त्यानंतर मात्र आठवडाभर मला पुन्हा लग्नं कापावीशी वाटत होती.

सामना आंतरराष्ट्रीय होता आणि पुण्यातच, बालेवाडीकडे. पाहुणा संघ आमच्याहून उंच, रुंद आणि शांत. प्रेक्षकांत निम्मे नातेवाईक, निम्मे प्रवेश फुकट म्हणून आलेले. माझ्यामागे एक गृहस्थ सबंध वेळ म्हणत होते, "अहो, पण हे मागे का टाकतायत?" या सामन्यानंतर परदेश दौऱ्याचा संघ निवडायचा होता. निवड समितीपुढे माझा अहवाल जाणार होता.

आमच्याकडून रेश्मा खेळत होती. हिंजवडीच्या पलीकडच्या गावातली, बुटकी, खांद्यानं रुंद. तिचं काम जवळजवळ एकच: समोरून जी येईल तिला पाडायचं. बोलायला आणि खेळायला सारखीच, आडपडदा नाही. परदेश दौरा तिच्या हातून दोनदा गेला होता. पहिल्यांदा पासपोर्टवर आडनाव चुकीचं छापून आलं. दुसऱ्यांदा निघायच्या आठवड्यात कांजिण्या. "ताई, मला देवी आली ती बी मुहूर्त बघून," असं ती म्हणायची. ही तिसरी खेप.

आम्ही हरलो, पण लाज वाटावी असे नव्हे. आणि रेश्मा तर सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. दमलेल्या मुली वाकून उभ्या असताना ती पाडतच होती. सामन्यानंतर पाहुण्यांच्या प्रशिक्षिकेनं तिच्याकडे बोट दाखवून कदम सरांना काहीतरी विचारलं, आणि सर दिवसभरात पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिला 'वाघीण' म्हटलं होतं. पेपरवाल्यांना मुलींसाठी दुसरा प्राणी माहीत नाही.

सकाळी चहा घेऊन मी कापायला बसले. तिला पहिल्यांदा घेतलं, कारण चांगल्या मुलीपासून सुरुवात केली की दिवस बरा जातो. पहिला अर्धा भाग सुंदर. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ती एका आडदांड मुलीखाली सापडली आणि उठली. उठताना तिनं उजवा हात जमिनीला टेकला नाही. डाव्यावर उठली.

एवढंच. मी पुढे बघत राहिले. तिच्या उजवीकडून कोणी येत असलं की ती दोन पावलं जास्त धावून पलीकडे जायची आणि डावा खांदा लावायची. प्रत्येक वेळी. पाणी प्यायली ते डाव्या हातानं. एकदा समोरची मुलगी तिच्या उजवीकडून, हाताच्या अंतरावरून गेली आणि आमच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून आली, म्हणजे ट्राय, त्याचे गुण मिळतात. रेश्मानं हात पसरलाच नाही. सगळ्यांनी बोल लावला तो मागे शेवटी उभ्या असलेल्या मुलीला. सामना संपल्यावर दोन्ही संघ रांगेनं हात मिळवतात, अगदी रिसेप्शनसारखे. ती सगळ्यांशी डाव्या हातानं मिळवत होती आणि हसत होती.

या सगळ्याचं मी एक वेळ काही वाटून घेतलं नसतं. दुखतं, खेळतात. पण शेवटी शेवटी एक टॅकल होता. पळणारी उजवीकडून आली, रेश्माला पलीकडे जायला वेळ मिळाला नाही, आणि ती डावा खांदा लावायच्या नादात उलटी घुसली. तिचं डोकं त्या मुलीच्या गुडघ्यांच्या पुढे गेलं. मान वाकली. मग दोघी पडल्या, रेश्मा उठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो तुकडा मी परत बघितला आणि चहा तसाच ठेवला.

मी तिला फोन करून बोलावलं. ती दुपारी आली, पेपर घेऊन. तिला वाटलं, कौतुक करायला बोलावलंय.

"खांद्याला काय झालंय?" मी विचारलं.

"कुठं काय? झोपंत अवघडलाय."

"फिजिओनं मॅचनंतर विचारलं तेव्हा काय सांगितलंस?"

"काय न्हाई म्हनलं. काय न्हाईच."

"वरच्या फळीवरचा तो डबा काढून दे मला."

तिनं डाव्या हातानं काढला. मी म्हटलं, उजव्यानं. ती डबा धरून उभी राहिली. मग खाली ठेवला आणि स्टुलावर बसली.

मी तिला तो शेवटचा टॅकल दाखवला. तिनं बघितला, डोळे न हलवता. आपली मान वाकताना बघणं सोपं नसतं. पण ती म्हणाली ते वेगळंच.

"ताई, एक करा. मला दोन मार्क द्या."

"काय?"

"दोन द्या. त्या ट्रायला मीच चुकले असं लिवा. खराब खेळली, दमली, आळस केला, काय बी लिवा. सर शिव्या देतील, पन नेतील. सर मला वळखतात. खांद्याचं तेवढं नका लिवू."

माझ्या इतक्या वर्षांत लोकांनी मार्क वाढवून मागितले होते. कमी करून मागणारी ही पहिलीच.

"रेश्मा, मी डॉक्टर नाही. पण मला दिसलंय ते."

"तुम्हालाच दिसलंय. कुनालाच न्हाई दिसलं. पेपरवाल्यांना न्हाई, सरांना न्हाई." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "दौऱ्यावर तीन मॅचा हायेत फक्त. तेवढ्या खेळते. आल्यावर खांदा कापून टाक म्हनलात तरी टाकते."

मी तिला म्हटलं, तू स्वतः सरांना सांग. उद्या दुपारी अहवाल जाईल, तोवर सांग. तू सांगितलंस तर गोष्ट वेगळी होईल. ते तुझ्यासाठी भांडतील.

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर मी लिहीन."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही लग्नाच्याच शूटिंगा करायच्या हुत्या, ताई. तिथं तरी मानसांचं चांगलं दिसंल तेवढंच ठिवतात."

हे तिचं बरोबर होतं. लग्नात मी रुसलेल्या आत्या कापून टाकायचे. त्यासाठीच लोक बोलवायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं सरांना फोन केला नाही. मी तिला आठ मार्क दिले, कारण ती आठचंच खेळली होती, आणि खाली लिहिलं: 'दुसऱ्या भागात उजवा खांदा वापरला नाही. टॅकलमध्ये डोकं चुकीच्या बाजूला जात आहे. खेळवण्याआधी तपासावं.' पाठवायचं बटण दाबलं आणि मुद्दाम खाली जाऊन दगडूशेठसमोरच्या गर्दीत उभी राहिले. आम्ही हात जोडत नाही. पण गर्दीत कुणी आपल्याला काही विचारत नाही, ही सोय तिथे आहे.

संध्याकाळी कदम सर आले. त्यांनी तो तुकडा उभ्यानंच बघितला.

"मॅडम, मला शंका आली होती," ते म्हणाले. "हात मिळवताना."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर ती खरं सांगेल, ही भीती होती." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मला आवडलेलं नाही, पण बरं केलंत."

तपासणीत खांद्याच्या आतलं काहीतरी फाटलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल आणि तोवर खेळ बंद. दौऱ्याचं विमान तिच्याशिवाय गेलं. मी तिला फोन केले, तिनं घेतले नाहीत. मेसेज वाचले गेल्याच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. संघातल्या बाकीच्या मुली माझ्यासमोर बसल्या की जरा ताठ बसू लागल्या. एकीला सर्दी झाली होती, तर ती शिंकसुद्धा दाबत होती.

ऑपरेशननंतर महिन्याभरानं एक माणूस जिना चढून आला. पांढरी टोपी, हातात दुधाची रिकामी किटली.

"मार्कवाल्या बाई तुम्हीच का?"

"हो."

"मी रेश्माचा बाप."

मी उभी राहिले. मनात म्हटलं, आता ऐकून घ्यायचं.

"बसा की," ते मलाच म्हणाले. "भांडाय न्हाई आलो. पोरगी घरात कुनाशी बोलंना. तुमच्यावर लय रागावलीया. म्हनलं बरं हाय, माझ्यावर न्हाई." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "ती मॅच बघायची हुती. मी आलो न्हवतो. म्हैस व्यायची हुती."

मी लावली. पहिल्या टॅकलला ते खुर्चीत मागे सरकले. दुसऱ्याला किटली घट्ट धरली. मग पाडलेली मुलगी दिसली की दरवेळी विचारायला लागले, "तिला लागलं का?" मी म्हणायचे, नाही, ती उठली बघा. "कुनाची तरी पोरगीच की," असं म्हणून पुढे बघायचे. शेवटचा टॅकल मी टाळणार होते. पण ते म्हणाले, "जे लिवलं तुम्ही, त्ये कुठं हाय?"

मी दाखवलं. त्यांनी बघितलं. किटली पायाशी ठेवली.

"येवढं दिसतंय आन् तिला कसं न्हाई दिसलं?"

"तिलाही दाखवलं होतं."

"मंग?"

"तिला दौरा दिसत होता."

ते उठले. "मी सांगतो तिला काय ते," म्हणाले. "ऐकनार न्हाई. आयवर गेलीया." आणि जिना उतरून गेले.

यात माझं बरोबर होतं असं सगळे म्हणतात. सर म्हणतात, डॉक्टर म्हणाले, माझा नवराही म्हणतो, आणि तो माझ्या बाजूनं सहसा बोलत नाही. पण बरोबर असण्यानं काही भरून येत नाही. त्या दौऱ्यावर तिच्या जागी एक नवी मुलगी गेली. चांगली निघाली. तिला पहिल्याच सामन्याला आठ मीच दिले, खेळलीच तशी. पुढच्या वर्षी ती जागा तिची झाली, आणि रेश्मा देशाच्या संघात पुन्हा आली नाही. अजून तरी नाही.

राज्याच्या संघात मात्र आली. सव्वा वर्षानं. तो सामना मी मैदानावर जाऊन, कडेला उभी राहून बघितला. मी हे कधी करत नाही. प्रत्यक्ष सामन्यात मला काही कळत नाही. थांबवायला बटण नसतं.

खेळ सुरू झाला आणि तिच्या उजवीकडून एक मुलगी आली. मी खाली बघितलं. धप्प आवाज आला. वर बघितलं तर दोघी खाली, आणि रेश्मा आधी उठली. त्यानंतर मी बघत राहिले. ती जुन्यासारखी वेगात नव्हती, उठायलाही वेळ लावत होती. मनातल्या मनात मी सहा दिले. साडेसहा. आम्ही हरत होतो, नेहमीप्रमाणे.

शिट्टी झाल्यावर ती सरळ माझ्याकडे चालत आली. तिची भुवई फुटली होती आणि गालावरून हनुवटीपर्यंत रक्त आलं होतं. मागून फिजिओ कापूस घेऊन धावत होती. सव्वा वर्षात माझ्याशी ती पहिल्यांदा बोलली.

"ह्ये बी लिवनार का?"

"ते कशाला लिहू?" मी म्हटलं. "ते सगळ्या मैदानाला दिसतंय."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. हसली वगैरे नाही.

"मंग ठीक हाय," म्हणाली, आणि टाके घालून घ्यायला गेली.